नावं ठेवण्याचं काम

लहानपणी मला नावं ठेवायची खोड होती,
आई वैतागायची.
आता त्याचाच पगार मिळतो.

भोसरीच्या गाळ्यात आमचा सर्व्हर.
रोज सकाळी सहा ऑफिसांतली एकोणतीस माणसं
आपापल्या खुर्चीत बसून त्याच्यात शिरतात,
आणि प्रत्येकाच्या मागोमाग त्याचा प्रिंटर येतो,
शाळेपर्यंत मागं लागून आलेल्या धाकट्या भावासारखा.
सर्व्हर त्याला दारातच नंबर देतो.
काल सेशन सात. आज एकवीस.
दुपारी लाइट जाऊन आली की तेहतीस.

प्रिंटर तोच, टेबल तेच, शाई तीच, संपत आलेली.
फक्त नावापुढच्या कंसातला आकडा नवा
आणि आमचं बिल्टीचं सॉफ्टवेअर
कालच्याच नावानं हाक मारत बसतं.
हाकेला कुणी दुसराच ओ देतो.

फुरसुंगीत कांदा भरून ट्रक उभा,
त्याचा गेटपास चाकणला निघतो.
चाकणहून दिलावर मुलाणींचा फोन:
"ताई, कांद्याचा कागद आलाय. कांदा कुठंय?"

एकदा राजीनामा आला होता.
मार्केट यार्डच्या वैजयंती थिट्यांनी
जेवणाच्या सुट्टीत टाइप केलेला, चारच ओळी.
निघाला हडपसरच्या काउंटरवर,
हमालांच्या हजेरीपाठोपाठ.
तिथल्या पोरानं पान पालथं घातलं
आणि फोन मला केला, साहेबांना नाही.
म्हटलं, फाड.
थिटेबाई अजून नोकरीत आहेत.
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
दिवाळीला चिवडा मात्र त्या मला वेगळा पाठवतात.

तर एका शनिवारी ठरवलं, सगळं शिस्तीत लावायचं.
यादी काढली:
काउंटर दोन, ज्याचा एक कधीच नव्हता.
खालचा. खालचा खरा.
एचपी नको.
आणि गुंजाळांचा नवा.

गुंजाळ निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.
नवा म्हणजे डॉट मॅट्रिक्स,
त्याची रिबन आता बुधवारात एकाच दुकानात मिळते,
तीही दुकानदाराचा मूड असेल तर.

मी सगळ्यांना सरळ नावं दिली:
ऑफिस, मजला, अनुक्रमांक.
"काहीतरी नाव काढ," आई म्हणायची.
त्या दुपारी मी अठरा काढली.

सोमवारी सव्वानऊला मार्केट यार्डात
एक बिल्टी निघेना.
गुळाचे टेम्पो गेटपासून पार रस्त्यापर्यंत,
ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून विचारतायत, काय झालं?
काय सांगू? नाव बदललं, म्हणून?

सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा सांगलीचा,
आता कॅनडात.
छापायचा पत्ता त्यानं कोडमध्ये खिळ्यानं ठोकून ठेवलाय:
गुंजाळांचा नवा.
दुसरं काही तो ऐकूनच घेत नाही.

शेवटी सात ओळींची स्क्रिप्ट लिहिली.
कुणी लॉगिन झालं
की त्याचा प्रिंटर शोध,
कंसात कुठलाही आकडा असो,
त्याला म्हण: गुंजाळांचा नवा.
अकरा वाजता पहिली बिल्टी करकरत बाहेर आली.

संध्याकाळी धायरीला फोन लावला.
गुंजाळ म्हणाले, "मी कुठं नाव दिलं?
त्या पोरानं विचारलं, हा नवा कुणाचा?
म्हटलं, माझा. बस."
थोडं थांबून,
"चालतो का अजून?"
"ओरडतो," मी म्हटलं.
"ओरडायचाच तो," गुंजाळ म्हणाले, खूश होऊन.

स्क्रिप्टच्या डोक्यावर एक टीप लिहून ठेवली:
हे नाव बदलू नये. कारण हवे असल्यास विचारावे.
खाली माझं नाव टाकलं.
मग ते खोडून लिहिलं:
भोसरी, पहिला मजला, एक.